कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला ट्रान्सफर: निकाल लागायच्या आधी डेव्हिसच्या लीजवर सही करावी का?

तिसरंसेमिस्टर
नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर. फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या टर्मसाठी, बर्कली, सॅन डिएगो आणि डेव्हिस या तीन यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॅम्पसना ट्रान्सफरचा अर्ज केला आहे. डेव्हिसचा टॅग मंजूर झालाय, म्हणजे तिथला प्रवेश अटी पाळल्या तर नक्की. मन मात्र बर्कलीत आहे आणि त्यांचा निकाल एप्रिलअखेर लागणार.

अडचण अशी की आता फेब्रुवारी चालू आहे आणि डेव्हिसमध्ये सप्टेंबरपासूनच्या घरांचे करार आत्ताच होताहेत. तिघांच्या एका गटाला चार खोल्यांच्या घरासाठी चौथा भाडेकरू हवा आहे. ते म्हणतात, पुढच्या आठवड्यात सही कर, नाहीतर आम्ही दुसरा शोधतो. लीज बारा महिन्यांची आहे.

प्रश्न असे: १) आत्ता सही करून टाकावी की निकालापर्यंत थांबावं? थांबले तर मग काय उरतं? २) कॅम्पसवर राहावं की बाहेर? दोनच वर्षं मिळणार आहेत. ३) माझी इथे क्रेडिट हिस्ट्री (उधारी फेडल्याची नोंद) जेमतेम आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. मालक काय मागतील? ४) तिथल्या मुलांचे दोन वर्षांपासूनचे गट ठरलेले असतात असं ऐकते. मध्येच येणाऱ्यांना ओळखी कशा होतात? सध्याच्या कॉलेजात वर्ग संपला की सगळे गाडी काढून घरी जातात, त्यामुळे हॉस्टेलचा अनुभव शून्य आहे.

गोल्डनगेटकर
सही करू नकोस. कारण सांगतो.

ट्रान्सफरवाल्यांचं घराचं सगळं त्रांगडं वेळापत्रकातून येतं. कॉलेजच्या गावातला भाडेबाजार तिथे आधीपासून राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सोयीने चालतो. त्यांना पुढच्या वर्षी कुठे असणार हे माहीत असतं, म्हणून ते हिवाळ्यातच करार करतात. ट्रान्सफरचा निकाल येतो एप्रिलमध्ये आणि होकार कळवायची मुदत असते १ जून. या चार महिन्यांच्या फटीत घाबरून केलेली सही फार महागात पडते.

तुझ्या बाबतीत नेमकं काय होऊ शकतं ते बघ. डेव्हिसची लीज केलीस आणि एप्रिलमध्ये बर्कलीचा होकार आला, तर 'दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला' हे करार मोडण्याचं कारण कायद्यात बसत नाही. कॅलिफोर्नियात मालकाला नवा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करावा लागतो, नुसतं बसून वर्षभराचं भाडं तुझ्याकडून वसूल करता येत नाही. पण तो मिळेपर्यंतचं भाडं तुझ्या डोक्यावर. शिवाय चार जणांची एकत्र लीज असेल तर मालक तुझ्याऐवजी तुझ्या तीन साथीदारांकडे पूर्ण रक्कम मागू शकतो, आणि मग भांडण तुमच्यात लागतं.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. टॅग मंजूर असला तरी प्रवेश सशर्तच असतो. स्प्रिंगचे ठरलेले विषय पूर्ण करायचे, ग्रेड खाली येऊ द्यायची नाही आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) १ जुलैपर्यंत पाठवायचं. यात काही चुकलं आणि प्रवेश रद्द झाला तर विद्यापीठाचा हाउसिंगचा करार त्याच्यासोबत सुटतो, खासगी लीज सुटत नाही. आणि टॅग म्हणजे प्रवेशाची हमी, घराची नव्हे. या दोन हमी वेगवेगळ्या आहेत.

मग थांबून काय करायचं? तिन्ही कॅम्पसच्या हाउसिंगच्या पानांवर आत्ताच जा आणि ट्रान्सफरसाठी काय लिहिलंय ते वाच. चार गोष्टी वहीत उतरव: हमी आहे का, किती वर्षांची, कोणत्या तारखेपर्यंत अर्ज केला तरच लागू, आणि ती फक्त फॉलमध्ये येणाऱ्यांसाठी आहे का. यूसीएलएने २०२२ मध्ये ट्रान्सफरना दोन वर्षांची हमी जाहीर केली, म्हणजे पूर्ण मुक्कामाची. बाकीच्या कॅम्पसवर नियम वेगळे आहेत आणि ते वर्षागणिक बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. हमी सगळ्यात जास्त वेळा हुकते ती मुदतीमुळे. हाउसिंगचा अर्ज प्रवेशाच्या होकाराहून वेगळा असतो, पोर्टल वेगळं, तारीख वेगळी. मुलं होकार देतात, डिपॉझिट भरतात आणि खोली आपोआप मिळेल असं धरून चालतात. तसं होत नाही.

अर्जात पसंतीक्रम भरताना एकाच इमारतीवर अडून राहू नकोस. 'फक्त सिंगल रूम' असं लिहिलं की खोली मिळण्याची शक्यता कमी होते. ट्रिपल (तिघांची खोली) सहसा सगळ्यात स्वस्त असते आणि जागा सुटल्या की पहिल्याच टर्ममध्ये खोली बदलून मागता येते.

तुझ्या यादीतल्या दोन जागा माहीत असू देत. बर्कलीत अँकर हाउस ही खास ट्रान्सफरसाठी बांधलेली इमारत २०२४ च्या फॉलला सुरू झाली. ७७२ जागा, प्रत्येकाला घरातली स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर आतच. सॅन डिएगोत पेपर कॅन्यन वेस्ट हीसुद्धा २०२४ ची, ट्रान्सफर आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांसाठी, सिंगल खोल्यांची, ट्रॉलीच्या (शहरातल्या लहान रेल्वेच्या) स्टेशनाला लागून. दोन्हीकडे मागणी भरपूर असते, म्हणून अर्ज उघडला त्या दिवशीच भरायचा.

बर्कलीसाठी आणखी एक वाट आहे: बर्कली स्टुडंट कोऑपरेटिव्ह. १९३३ पासून विद्यार्थीच चालवतात. विद्यापीठाच्या हाउसिंगशी संबंध नाही, अर्ज स्वतंत्र. आठवड्याला पाच तास काम करायचं (स्वयंपाक, भांडी, सफाई, जे वाट्याला येईल ते) आणि त्या बदल्यात राहणं-जेवण बाहेरच्या दरापेक्षा बरंच कमी. प्रतीक्षायादी लांब असते, तेव्हा निकालाची वाट न बघता तिथे नाव घालून ठेव.

डेव्हिसची_सायकल
वरच्या सल्ल्याशी बहुतांशी सहमत. डेव्हिसपुरती थोडी भर घालतो, कारण 'फेब्रुवारीत घर घेतलं नाही तर रस्त्यावर' ही भीती तिथे दरवर्षी पसरते आणि ती अर्धीच खरी आहे.

हिवाळ्यात भरतात ती मोठी, तीन-चार खोल्यांची घरं, तीही आधीपासून ठरलेल्या गटांकडून. गट मग फुटतात. कोणी परदेशी सेमिस्टरला जातं, कोणाची इंटर्नशिप लागते, कोणी लवकर पदवी घेतं. त्यामुळे मे ते ऑगस्ट एकेक खोली सतत बाजारात येत राहते. तू एकटी आहेस आणि तुला एकच खोली हवी आहे, हा तुझा फायदा आहे. पाच जणांच्या गटाला जूनमध्ये घर मिळणं कठीण, एकाला खोली मिळणं शक्य.

खोली घेताना करार कोणत्या प्रकारचा आहे ते आधी विचार. एक, प्रत्येकाची स्वतंत्र लीज: तू तुझ्या खोलीपुरती जबाबदार. दोन, सगळ्यांची एकत्र लीज: एकाने भाडं थकवलं किंवा भिंत फोडली तरी मालक कोणाकडूनही पूर्ण वसुली करू शकतो. अनोळखी माणसांसोबत राहणार असशील तर स्वतंत्र लीजसाठी महिन्याला थोडं जास्त द्यावं लागलं तरी दे. तिसरा प्रकार सबलेट, म्हणजे मूळ भाडेकरू तुला खोली देतो. यात मालकाची लेखी संमती माग. ती नसेल तर मूळ भाडेकरूसोबत तुलाही बाहेर काढलं जाऊ शकतं. चौथा, लीजच तुझ्या नावावर करून घेणं. यात जुना भाडेकरू सुटतो आणि तू थेट मालकाशी बांधली जातेस. इथे त्याचं डिपॉझिट तू त्याला परस्पर देतेस की मालकाकडे नव्याने भरतेस, हे कागदावर यायलाच हवं. जुन्या भाडेकरूने केलेलं नुकसान नव्याच्या डिपॉझिटमधून कापलं जातं ते नेमकं या ठिकाणी.

डिपॉझिटचा नियम: १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात मालकाला एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही. एक-दोन छोट्या मालमत्ता असलेल्या वैयक्तिक मालकांना दोन महिन्यांपर्यंत सवलत आहे. 'शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ' असं वेगळं नाव दिलं तरी ते डिपॉझिटमध्येच मोजलं जातं. घर सोडल्यावर २१ दिवसांत पैसे किंवा कपातीचा तपशीलवार हिशेब आला पाहिजे. सोडण्याआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तू मालकाकडे पाहणी मागू शकतेस. तो काय काय कापणार हे आधी कळतं आणि तुला ते दुरुस्त करायला वेळ मिळतो. हा हक्क फार कमी मुलं वापरतात.

राहायला गेल्याच्या दिवशी सामान आत नेण्याआधी फोटो काढ: ओव्हनचं आतलं, गालिच्यावरचे डाग, खिडक्यांच्या जाळ्या, बाथरूमच्या फटींतली बुरशी, भिंतीवरची भोकं. सगळे फोटो त्याच दिवशी मालकाला ईमेल कर. तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो.

खर्चाची तुलना करताना महिन्याचं भाडं आणि डॉर्मचा (कॅम्पसवरच्या हॉस्टेलचा) आकडा शेजारी ठेवून फसू नकोस. लीज बारा महिन्यांची, कॅम्पसचा करार बहुधा नऊ महिन्यांचा. समजा खोली १,१०० डॉलर महिना. वर्षाचे १३,२००. वीज-इंटरनेट ७० धरले तर ८४० आणखी. पलंग, टेबल, भांडी ४०० मध्ये. झाले १४,४४०. उन्हाळ्याचे तीन महिने निम्म्या भाड्यावर सबलेट केलंस तर १,६५० परत, म्हणजे १२,७९०. आता डॉर्मच्या आकड्यात जेवण असतं, तेव्हा इकडे नऊ महिन्यांच्या किराण्याचे, समजा ३५० दराने, ३,१५० मिळव. १५,९४०. कॅम्पसचा जेवणासकट आकडा याच्या आसपास असेल तर कॅम्पसच घे. आकडे मी मांडणीपुरते घेतलेत, तू तुझे घाल. आणि उन्हाळ्यात सगळं गाव एकाच वेळी सबलेट करायला निघतं, म्हणून निम्म्याहून जास्त भाडं परत येईल असं धरू नकोस.

डेव्हिसमधले बरेच करार १ सप्टेंबरला सुरू होतात आणि जुने ऑगस्टअखेर संपतात. क्लास मात्र सप्टेंबरच्या शेवटी, कारण तिथे क्वार्टर पद्धत (दहा आठवड्यांच्या टर्म) आहे. बर्कली सेमिस्टरवर आहे, तिथे ऑगस्टच्या मध्यालाच सामान हलवावं लागतं. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचा एखादा विषय उरला असेल तर ही तारीख आधी जुळवून बघ.

अंतराबद्दल: डेव्हिसला युनिट्रान्स या गावातल्या बससेवेवर पदवीपूर्व विद्यार्थ्यांना आयडी दाखवून जाता येतं, वेगळं तिकीट नाही. बाकी सपाट गाव, सायकल पुरते. सॅन डिएगोला २०२१ पासून ब्लू लाइन ट्रॉली कॅम्पसपर्यंत जाते, त्यामुळे कॅम्पसच्या भागातलं, ला होयाचं, भाडं झेपत नसेल तर त्या मार्गावर दक्षिणेकडे शोध. बर्कलीत एसी ट्रान्झिट या बससेवेचा पास फीमध्येच येतो. घर पक्कं करण्याआधी रात्री दहानंतरच्या बसचं वेळापत्रक बघ. दिवसाची बस सगळीकडे असते.

पुणेकर_आई
मध्येच विचारते, माझा मुलगाही याच वाटेवर आहे. मालक गॅरंटर, म्हणजे भाडं थकलं तर भरायची हमी देणारा, मागतात असं कळलं. आम्ही भारतातून सही केली, बँकेची कागदपत्रं दाखवली तर चालतं का?

डेव्हिसची_सायकल
काकू, बहुतेक ठिकाणी नाही. मालकाचा सर्वसाधारण निकष असतो की भाडेकरूचं मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं. विद्यार्थ्याचं ते नसतं, म्हणून गॅरंटर. आणि गॅरंटरकडे अमेरिकेतलं उत्पन्न आणि क्रेडिट हवं, कारण भारतातल्या माणसाकडून वसुली करणं त्यांना परवडत नाही.

यावर मार्ग असे. विद्यापीठाच्या हाउसिंगमध्ये क्रेडिट तपासणी आणि गॅरंटर यांची भानगड सहसा नसते, परदेशी विद्यार्थ्याने पहिलं वर्ष तिथे राहण्याचं हे एक ठोस कारण आहे. कॅम्पसजवळच्या मोठ्या विद्यार्थी-अपार्टमेंटना अशा अर्जांची सवय असते. ते आय-२० (एफ-१ साठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला) यावरचा निधीचा तपशील, बँकेचं पत्र किंवा गॅरंटी देणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र घेतात. ती कंपनी फी घेते आणि फी परत मिळत नाही, तेव्हा ती भाड्यात धरून मगच तुलना करा. इथले नातेवाईक सही करणार असतील तर त्यांना नीट समजावून सांगा की एकत्र लीजमध्ये त्यांची हमी तुमच्या मुलापुरती राहीलच असं नाही. ती फक्त त्याच्या वाट्यापुरती आहे असं वाक्य हमीपत्रात घालून घ्यावं.

आणि घर न बघता पैसे पाठवू नका. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा आणि तो कॉल चालू असतानाच नळ उघडा, खिडकीतून रस्ता दाखवा असं म्हणा. मालक सध्या परदेशी आहे, किल्ली कुरियरने येईल, पैसे गिफ्ट कार्डने किंवा वायरने पाठवा, यातलं एक जरी कानावर आलं तरी विषय संपला. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर उलट शोधून बघितला तर पुष्कळदा तो भलत्याच शहरातल्या घराचा निघतो.

कागदपत्रवाला
एफ-१ बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. घराच्या तारखा या कागदांना बांधलेल्या आहेत.

कॅम्पस ठरला की सध्याच्या कॉलेजातल्या डीएसओकडे (परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) प्रवेशपत्र घेऊन जा आणि सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) नव्या विद्यापीठाकडे पाठवायला सांग. ते एक रिलीज डेट ठरवतात. त्या तारखेपर्यंत रेकॉर्ड जुन्या कॉलेजच्या ताब्यात, त्यानंतर नव्याच्या. नवा आय-२० रिलीजनंतरच निघतो. रेकॉर्ड एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ शकतं, त्यामुळे बर्कलीचं नक्की नसताना ते डेव्हिसकडे पाठवून टाकू नकोस. रिलीजच्या तारखेआधी बेत बदलला तर रद्द करता येतं, नंतर नव्या शाळेमार्फत निस्तरावं लागतं.

जुन्या कॉलेजात कॅम्पसवर नोकरी करत असशील तर ती रिलीजच्या दिवशी संपते. उन्हाळाभर पगार हवा असेल तर तारीख तशी माग, पण नव्या विद्यापीठाला आय-२० द्यायला पुरेसे दिवस राहतील इतकी मागे. दोन शिक्षणक्रमांतलं अंतर पाच महिन्यांहून जास्त चालत नाही. मे अखेर ते सप्टेंबर अखेर हे गणित बसतं, पण कोणी फॉलऐवजी विंटरला जायचा विचार करत असेल तर आधी डीएसओला विचारावं.

नव्या ठिकाणी आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेपासून १५ दिवसांत डीएसओकडे नोंद. पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचं, आणि तो खरा राहण्याचा पत्ता हवा, पोस्टाची पेटी चालत नाही. ऑगस्टमध्ये मैत्रिणीकडे दोन आठवडे, मग सप्टेंबरात खोलीत, असं असेल तर दोन्ही वेळा कळव. आय-९०१ ची (सेव्हिस नोंदणीची) फी पुन्हा भरावी लागत नाही, सेव्हिस नंबर तोच राहतो. व्हिसाच्या शिक्क्यावर जुन्या कॉलेजचं नाव असलं तरी मुदत शिल्लक असेल तर नव्या आय-२० सोबत चालतो. उन्हाळ्यात भारतात जाऊन येणार असशील तर परतताना हातात नव्या विद्यापीठाचा आय-२० असू दे.

आणखी एक: रेसिडेंट असिस्टंटची (हॉस्टेलमध्ये राहून तिथली देखरेख करणाऱ्या विद्यार्थ्याची) नोकरी, जिच्यात खोली आणि बहुतेक ठिकाणी जेवणही मिळतं, ती कॅम्पसवरच्या नोकरीत मोडते. टर्म चालू असताना एफ-१ ला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, त्यात ती धर. दुसऱ्या वर्षासाठी हा पैसे वाचवायचा सगळ्यात मोठा मार्ग आहे. पण भरती पहिल्या वर्षाच्या मध्यालाच होते, तेव्हा पोचल्या पोचल्या तारखा विचारून ठेव. आणि कॅलफ्रेश ही सरकारी अन्नमदत एफ-१ ला लागू नाही, कोणी कितीही सांगितलं तरी अर्ज करू नकोस. कॅम्पसची फूड पँट्री (मोफत किराणा देणारं केंद्र) मात्र विद्यार्थ्यांसाठीच असते, तिथे निःसंकोच जा.

अनघा_ट
चौथ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ट्रान्सफरला बर्कलीत चार सेमिस्टर मिळतात, क्वार्टर कॅम्पसवर सहा क्वार्टर. क्वार्टर दहा आठवड्यांचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येते. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना ओळखी करून घ्यायला आख्खं वर्ष असतं, तुला साधारण तीन आठवडे. ते तीन आठवडे घर लावण्यात आणि बस पकडण्यात गेले तर पहिली टर्म एकटीची जाते. म्हणून पहिल्या वर्षी चालत जाता येईल अशी लहान खोली घे. दूरची मोठी, छान खोली दुसऱ्या वर्षी घेता येईल, तोपर्यंत कोणासोबत राहायचं हेही कळलेलं असेल.

पहिल्या टर्मला ट्रान्सफरचे ग्रेड थोडे घसरतात हे इतकं नेहमीचं आहे की १९६५ पासून त्याला 'ट्रान्सफर शॉक' हे नाव आहे. कारण बुद्धीत नसतं. सेमिस्टरची सवय असते आणि क्वार्टर त्याच्या साधारण दोन-तृतीयांश वेळात संपतं, सगळे विषय एकदम वरच्या पातळीचे येतात, आणि गृहपाठ कोणासोबत करायचा हे माहीत नसतं. पहिल्या टर्मला १२-१३ युनिटच (क्रेडिट) घे. १२ तुला एफ-१ साठी लागतातच. मेजरचे (मुख्य शाखेचे) तीन अवघड विषय एकदम घेऊ नकोस, त्यातल्या एकाच्या जागी सोपा घे.

ओळखी होतात त्या डिस्कशन सेक्शनमध्ये, म्हणजे मोठ्या वर्गाच्या लहान गटांत. मोठ्या वर्गात तीनशे जण असतात, सेक्शनमध्ये पंचवीस-तीस, आणि मेजरच्या विषयांत तेच चेहरे पुढे दोन वर्षं पुन्हा पुन्हा दिसतात. दर आठवड्याला त्याच जागी बस. पहिल्या गृहपाठाच्या आधी शेजारच्या दोघांना विचार, गुरुवारी एकत्र करूया का. पाचव्या आठवड्यात हेच विचारणं जड जातं, तोवर गट ठरलेले असतात. ऑफिस अवर्सच्या (प्राध्यापकांना शंका विचारायच्या वेळेच्या) रांगेतसुद्धा तुझ्यासारखेच अडलेले भेटतात.

क्लब पहिल्याच आठवड्यात टेबल मांडून बसतात. ज्यांत निवड होते (कन्सल्टिंग, डेटा, इंजिनिअरिंगच्या टीम) त्यांचे अर्ज दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बंद होतात, म्हणून रेझ्युमे ऑगस्टमध्येच तयार ठेव. तिथे नाही जमलं तर मेजरची विद्यार्थी संघटना कोणालाही घेते. दोन पुरे, एक अभ्यासाचा आणि एक निव्वळ आवडीचा. सहा ठिकाणी नाव घालून कुठेच न जाणं हेच जास्त होतं.

तुझ्या तिन्ही कॅम्पसवर ट्रान्सफरसाठी वेगळं केंद्र आहे: बर्कलीत ट्रान्सफर स्टुडंट सेंटर, सॅन डिएगोत ट्रायटन ट्रान्सफर हब, डेव्हिसमध्ये ट्रान्सफर अँड रीएंट्री सेंटर. तिथे बसायला जागा असते, आधी आलेले ट्रान्सफर मेंटर म्हणून असतात आणि कोणता विषय कोणत्या प्राध्यापकाकडे घ्यावा हे तिथेच कळतं. संशोधनात काम करायचं असेल तर पहिल्या टर्मच्या शेवटी प्राध्यापकांना लिहायला लाग. तिसऱ्या टर्मनंतर लिहिलं तर शिकवून तयार करायला वेळच उरत नाही असं त्यांना वाटतं, आणि ते रास्त आहे.

महाराष्ट्र मंडळही शोध. गणपती नेमके टर्म सुरू होण्याच्या सुमाराला येतात, स्वयंसेवक म्हणून गेलीस की एका दिवसात दहा घरं ओळखीची होतात.

एका मुद्द्यावर मात्र गोल्डनगेटकरांशी माझं थोडं वेगळं मत आहे. फक्त ट्रान्सफरच्या इमारतीत सगळे नवखेच असतात. कोणता क्लब चांगला, कुठली लायब्ररी रात्री उघडी, सप्टेंबरच्या लीजचं काय करायचं, हे कोणालाच माहीत नसतं. मिश्र घरात एखादी जुनी विद्यार्थिनी असेल तर तिच्याकडून दहा गोष्टी सहज कळतात.

गोल्डनगेटकर
अनघाताई, मुद्दा मान्य आहे, पण पहिल्या वर्षापुरता मी तरी ट्रान्सफरचीच इमारत सुचवीन. मिश्र घरात ज्या तिघांचा गट आधीच ठरलेला आहे त्यांत चौथी म्हणून शिरणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्यांना भाडं वाटून घ्यायला कोणीतरी हवं असतं, मैत्रीण हवी असतेच असं नाही. ट्रान्सफरच्या इमारतीत ऑगस्टमध्ये प्रत्येक जण ओळख शोधत असतो. माहिती मेंटरकडून मिळते, सोबत घरातच लागते. शिवाय वयाचा भाग आहे. डॉर्ममध्ये अठरा वर्षांच्या मुलांच्या मजल्यावर टाकलं तर विशी-बाविशीच्या ट्रान्सफरला त्यांचा गोंगाट दुसऱ्याच आठवड्यात नकोसा होतो. अर्जात 'ट्रान्सफर कम्युनिटी' किंवा 'वरचे वर्ग' असा पर्याय असेल तर तो पहिला दे.

तिसरंसेमिस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या गटाला आजच नाही म्हणून कळवते. एकच विचारायचं राहिलं: निकाल आल्यावर बर्कली आणि डेव्हिस दोन्हीकडे हाउसिंगचा अर्ज करून ठेवला तर चालेल का? एकीकडचं नाकारायची वेळ आली तर पैसे बुडतात का?

गोल्डनगेटकर
अर्ज दोन्हीकडे करता येतो, करार एकाच ठिकाणी कर. अर्ज म्हणजे यादीत नाव. खोली देऊ केल्यावर जो करार स्वीकारतेस त्यानंतर रद्द करण्याचं शुल्क सुरू होतं, आणि तारीख जवळ येईल तसं ते वाढत जातं. कराराच्या पानावर 'रद्द करणे' या शीर्षकाखाली तक्ता असतो, सही करण्याआधी तेवढा वाच. क्लास सुरू झाल्यावर तर बहुतेक वेळा उरलेल्या वर्षाचीच जबाबदारी येते.

प्रवेशाच्या होकाराचंही तसंच आहे. १ जूनची मुदत आहे, तर उगाच मेच्या पहिल्या आठवड्यात दोन ठिकाणी होकार देऊ नकोस. होकाराची रक्कम परत मिळत नाही आणि यूसीत एका वेळी एकाच कॅम्पसला होकार देणं अपेक्षित आहे. अपवाद प्रतीक्षायादीचा. बर्कलीने प्रतीक्षायादीत ठेवलं तर डेव्हिसला १ जूनआधी होकार देऊन टाक, तिथला हाउसिंगचा अर्जही मुदतीत भर आणि बर्कलीच्या यादीतलं नाव तसंच राहू दे. जूनमध्ये बर्कलीने बोलावलं तर डेव्हिसचा प्रवेश आणि हाउसिंग दोन्ही वेगवेगळे रद्द करावे लागतात. एक रद्द केलं की दुसरं आपोआप रद्द होईल असं धरू नकोस, दोन्हीची लेखी पोच घे. आणि तसं झालंच तर त्याच दिवशी डीएसओलाही सांग, म्हणजे सेव्हिसची रिलीज तारीख उलटण्याआधी कॅम्पस बदलता येईल.